लग्नाच्या रिसेप्शनचा बार: 420 पाहुणे, 120 पिणारे आणि एक बरणी झाकणं

रात्री अकरा चाळीस. लॉन्सवरचे दिवे निम्मे विझलेले, मांडववाले खुर्च्या रचतायत, आणि मी शाल गुंडाळून एका प्लास्टिकच्या टेबलापाशी बसून बाटल्यांची झाकणं मोजतेय. व्हिस्की, रम आणि व्होडकाची मिळून बावीस. बिअरची एक्केचाळीस. वाइनची अठरा. वाइनच्या रिकाम्या बाटल्या मात्र एकोणीस. मी वही खाली ठेवली आणि बारवाल्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही. काउंटरवर गेला, खण उघडला आणि बूच काढायचा स्क्रू घेऊन आला. एकोणिसावं बूच त्याच्या टोकाला तसंच अडकलेलं होतं.

हा रिव्ह्यू त्या बारवाल्याचा आहे. लग्नात बार ठेवायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ठेवायचं ठरलं असेल, तर पैसे कुठे जातात आणि कुठे वाचतात हे मला आता पक्कं कळलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

लग्न माझ्या भाचीचं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीचं. तारीख 22 नोव्हेंबर 2025, शनिवार. सकाळी लग्न आणि संध्याकाळी रिसेप्शन, नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूच्या एका लॉन्सवर. माझा भाऊ माळकरी आहे. दरवर्षी वारीला जातो, घरात बाटली कधी आली नाही. मुलाकडच्यांनी मात्र आधीच मोकळेपणाने सांगितलं होतं की त्यांच्याकडे रिसेप्शनला बार असतो, मुलाचे ऑफिसचे मित्र येणार आहेत, आणि त्याचा अर्धा खर्च ते उचलतील. भावाने दोन दिवस विचार केला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, पोरीच्या आनंदाच्या आड मी येत नाही. पैसे देतो. पण तो हिशेब तू बघ, मला त्यातलं काही विचारू नको."

मी चौतीस वर्षं पतसंस्थेत हिशेबाचं काम केलंय. शिवाय खर्च व्याह्यांबरोबर अर्धा-अर्धा होता. तिथे एका रुपयाचा घोळ झाला तरी तो वर्षानुवर्षं बोलण्यात राहतो. म्हणून मी हो म्हटलं.

दुसरंही एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातल्या एका लग्नात पॅकेज घेऊन बार लावला होता. माणशी ठरलेला दर, हवी तेवढी प्या. शेवटच्या अर्ध्या तासात वेटरांनी चौदा बाटल्यांची सीलं फोडून ठेवली. फोडलेली बाटली परत घेतली जात नाही, आणि उरलेल्या दारूचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. त्याहून वाईट म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा त्या रात्री मोटारसायकल घेऊन निघाला आणि दुभाजकावर आदळला. वाचला. पण पायात रॉड आहे, आणि जिना उतरताना तो अजून कठडा धरतो. कोण किती पितंय याकडे त्या रात्री कोणाचंच लक्ष नव्हतं, कारण कोणी ते मोजतच नव्हतं. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी नुसता पैशांचा राहिलेला नाही.

आता पैशांकडे येते. आम्हाला पहिलं कोटेशन मिळालं ते पॅकेजचंच. माणशी 950 रुपये, कमीत कमी 300 माणसं धरणार. म्हणजे 2,85,000, आणि त्याच्यावर कर. मी विचारलं, कर कशावर? तर सगळ्या रकमेवर जीएसटी. पिण्याच्या दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा व्हॅट आणि उत्पादन शुल्क असतं. जीएसटी लागतो तो सेवेवर. "दारू आणि सेवा वेगवेगळी दाखवा," म्हटल्यावर समोरचे म्हणाले, "आमच्याकडे तसं लिहून देत नाहीत." मी उठून आले. लिहून देत नाहीत तिथे माझं काम नाही.

आपल्याकडच्या लग्नात पॅकेज का बसत नाही, ते यादी घेऊन बसलं की दिसतं. वहिनी आणि मी एका दुपारी 420 नावांची यादी समोर ठेवली आणि एकेका नावापुढे खूण करत गेलो. भावाची वारीची मंडळी साठ. म्हाताऱ्या आत्या, मावश्या, काक्या. शाळकरी पोरं. शेजारपाजारच्या बायका. जळगावहून येणारी बस तर निम्मी उपासाची. मुलाकडची यादी विहीणबाईंनी फोनवरून सांगितली, न लाजता. शेवटी खुणा झाल्या 118. दोन वाढवून आम्ही 120 धरले. पॅकेजवाला 300 माणसांचे पैसे मागत होता आणि पिणारे होते 120. बाकीच्या 180 जणांच्या न प्यायलेल्या दारूचे पैसे आपण भरायचे, असा तो व्यवहार होता.

ही यादी कोणी टाळू नये. अवघड वाटतं, कारण कोण पितो आणि कोण पीत नाही हे आपल्या घरांत मोठ्याने बोलत नाहीत. पण दोन बायका चहा घेऊन बसल्या तर दीड तासात होते, आणि आमच्याकडे ती दोनच नावांनी चुकली.

दुसरा मार्ग असा की बाटल्या आपण वाइन शॉपमधून एमआरपीने घ्यायच्या आणि वाढायला फक्त माणसं बोलवायची. अशी सेवा देणारा हा बारवाला भाचीच्या मैत्रिणीकडून कळला. पस्तिशीचा असेल. आधी एका हॉटेलात बारटेंडर होता, आता त्याच्या हाताखाली सात-आठ मुलं काम करतात. त्याचं नाव इथे लिहीत नाही, माणूस छोटा आहे आणि त्याला विचारलेलं नाही. पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं, "मावशी, पाहुणे किती हे नका सांगू. पिणारे किती, लग्न कुठल्या महिन्यात आणि जेवण किती वाजता, तेवढं सांगा." मी यादी पुढे केली. तो म्हणाला, इतकं स्वच्छ काम त्याला आजवर कोणी करून दिलं नव्हतं. माझा विश्वास बसला तो तिथे नाही. त्याने खिशातून पेन काढून माझ्याच वहीत पुढचं गणित मांडलं, तेव्हा बसला.

बार साडेसात ते साडेदहा, तीन तास. पहिल्या तासात माणूस दोन घेतो, पुढच्या प्रत्येक तासाला एक. म्हणजे माणशी चार आणि एकूण 480. खंब्यात, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत, साठ मिलीचे साडेबारा पेग निघतात. वाइनच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास. बिअरच्या मोठ्या 650 मिलीच्या बाटलीत दोन ग्लास. मग प्रश्न एवढाच, की 480 पैकी कशाला किती. त्याच्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास व्हिस्की. बाकीचं मोसमावर.

त्यावरून आम्ही घेतलं ते असं: व्हिस्की 20 बाटल्या, दोन प्रकारच्या मिळून. रम 5, व्होडका 4. वाइन 30, त्यात पांढरी 14, लाल 10 आणि फेसाळ 6. बिअर 8 पेट्या, म्हणजे 96 बाटल्या.

वाइनला बारवाला आधी नाही म्हणत होता, वीस पुरतील म्हणाला. मी हट्टाने तीस घेतल्या. मुलाचे मित्र बंगळूरहून आणि पुण्याहून नाशिकला येणार, आणि त्यांना आपल्या मातीतली वाइन मिळू नये हे मला पटेना. पांढऱ्यात सुलाची शेनिन ब्लां घेतली, दिंडोरीच्या शॅंडनची फेसाळ घेतली, आणि लाल वाइन तीन वेगवेगळ्या नाशिकच्याच वाइनरींची. माझ्या लहानपणी इथे द्राक्षं म्हणजे खायची नाहीतर बेदाण्याची. आता जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते आणि त्यावर कितीतरी घरं उभी राहिलीत. त्या वाइन आपल्या मुलीच्या लग्नात असाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्या तिथे होत्या याचा आनंद आहे.

भावाच्या डोक्यात दारूचा जो आकडा होता तो 2024 च्या एका लग्नातला. तो यंदा चालला नाही. जून 2025 मध्ये राज्य सरकारने भारतातच बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. आधी ते जाहीर उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. त्यामुळे व्हिस्की, रम, व्होडका सगळंच चढलं. बिअर आणि वाइनला ती वाढ नव्हती. जुन्या लग्नाचा आकडा घेऊन कोणी बजेट करत असाल तर कडक दारूचा भाग नव्याने विचारून घ्या. आम्हाला व्हिस्कीची बाटली सरासरी 2,200 ला पडली, रम 1,100, व्होडका 1,600, वाइन 1,000 आणि बिअर 220.

दुकानदाराशी बोलणी मी स्वतः केली. सीलबंद बाटल्या परत घ्यायचं त्याने बिलावर लिहून दिलं. इथे बारवाल्याने एक गोष्ट सांगितली ती मला कधी सुचली नसती. बिअरच्या सगळ्या पेट्या एकदम बर्फात टाकायच्या नाहीत. बर्फाच्या पाण्यात लेबल सुटतं, आणि लेबल सुटलेली बाटली दुकानदार परत घेत नाही. दोन पेट्या बर्फात, बाकीच्या कोरड्या. दोनातली एक संपत आली की तिसरी आत. पांढऱ्या वाइनचंही तसंच. त्या एका गोष्टीने आमचे किती वाचले ते पुढे येईलच.

परवान्याचं थोडक्यात सांगते, कारण बरेच लोक हे अंगावर काढतात. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. समारंभात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो आणि तो ऑनलाइन निघतो. आमचा अर्ज बारवाल्याने भरून दिला, पण तो काढला व्याह्यांच्या नावाने आणि फी त्यांनीच परस्पर भरली. ती खाली दिलेल्या हिशेबात नाही. परवाना आणि दुकानाचं बिल एका फाइलमध्ये घालून ती फाइल काउंटरच्या खणात ठेवली होती. वयाचा नियमही लक्षात ठेवा: बिअर आणि वाइनला 21 पूर्ण, बाकी दारूला 25. आमच्या घरची चार मुलं 22 ते 24 मधली. त्यांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, व्हिस्की मागायची नाही. त्यांनी ऐकलं. एकाने मागून बघितली, तर बारवाल्याच्या मुलाने त्याला बिअरचा ग्लास दिला आणि दोन शब्द गोड बोलून परत पाठवला. हे त्याने सगळ्यांसमोर पोराचा अपमान न करता केलं, म्हणून लिहितेय.

तारीख ठरवतानाही बघावं लागतं. 2 डिसेंबरला नगरपालिकांचं मतदान होतं, आणि मतदानाच्या आधीपासून त्या भागात दुकानं बंद राहतात. आमची तारीख दहा दिवस आधीची असल्याने काही अडलं नाही, पण चौकशी करून ठेवली होती.

आता ती संध्याकाळ.

बार कुठे लावायचा यावर मी सगळ्यांत जास्त विचार केला होता. स्टेजपासून लांब, लॉन्सच्या मागच्या कोपऱ्यात, आंब्याच्या झाडाखाली. मध्ये कापडी पडदा. भावाच्या वारीची मंडळी स्टेजच्या उजव्या हाताला बसणार होती, तिथून ग्लास दिसता कामा नये आणि वास जाता कामा नये. बारवाला आदल्या दिवशी येऊन जागा बघून गेला. वारा कुठून येतो ते त्याने रुमाल धरून पाहिलं आणि काउंटर दहा फूट आणखी मागे सरकवायला सांगितलं. मी त्याला माळकऱ्यांबद्दल एकदाच सांगितलं होतं. संध्याकाळी त्याच्या एकाही मुलाने ट्रे घेऊन पडद्याबाहेर पाऊल टाकलं नाही. ज्याला हवं त्याने तिथे यावं, तिथेच घ्यावं, आणि जेवायला जाताना ग्लास ठेवून जावं. आमचे एक काका, वय ब्याऐंशी, रात्री भावाला म्हणाले, "सगळं कसं सात्त्विक झालं बघ." भावाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. माझ्यासाठी या सगळ्या खर्चातलं सगळ्यांत मोलाचं हेच.

मी तासाभराने तिथे चक्कर मारली आणि दहा मिनिटं नुसती बघत उभी राहिले. काउंटरवर तीन मुलं, मागे दोन मदतनीस. प्रत्येकाच्या हातात स्टीलचं मेजर, एका बाजूने तीस आणि दुसऱ्या बाजूने साठ. बाटली वाकवायची, मेजर काठोकाठ भरलं की मनगट फिरवून धार तोडायची, आणि मग ग्लासात. एक थेंब बाहेर नाही. नवी बाटली उघडायची तर मुलगा आधी मालकाला ती दाखवायचा, मालक मान हलवायचा, मग सील तुटायचं आणि झाकण काउंटरच्या टोकाला ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत जायचं. एका प्रकारची एकच बाटली उघडी. ती संपली तरच दुसरी. झाकणांच्या बरणीची ही पद्धत त्याची स्वतःची, पहिल्या भेटीतच त्याने सांगितली होती. "मावशी, शेवटी मी सांगतो ते खरं की तुम्ही म्हणता ते खरं, असं नको. झाकणं सांगतील."

थंडीने आमचा अंदाज उलटा केला. नोव्हेंबरच्या शेवटी गंगापूर रोडला रात्री बोचरा वारा असतो. बिअर पडून राहिली आणि रमवर उड्या पडल्या. कोणीतरी गरम पाणी मागितलं, मग सगळेच मागायला लागले. बारवाल्याने केटरिंगवाल्याकडून गरम पाण्याचा थर्मास आणवला आणि रम, गरम पाणी, लिंबाची फोड, दोन लवंगा असं द्यायला सुरुवात केली. दहाच्या आत पाचही बाटल्या संपल्या. आणखी आणायची का, असं मुलाच्या एका मामांनी विचारलं. बारवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मी नाही म्हटलं. व्हिस्की होती, वाइन होती, जेवण गरम होतं.

सव्वादहाला शेवटची फेरी आणि साडेदहाला काउंटर बंद. यात त्याने कोणाचं ऐकलं नाही. चखणा त्याने स्वतःहून भरपूर ठेवला होता: उकडलेले शेंगदाणे, पनीर, काकडी-गाजर, आणि कोंडाजीचा चिवडा आम्ही दिलेला. रिकाम्या पोटी कोणी पीत राहू नये म्हणून चखणा काउंटरवर नाही, तर बसायच्या टेबलांवर. साडेआठपासूनच तो लोकांना जेवणाकडे पिटाळत होता.

गाड्यांची सोय मी केली. तीन गाड्या ड्रायव्हरसकट एक वाजेपर्यंत थांबवल्या, 9,000 रुपये. कायद्याने गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही, आणि दोन मोठ्या पेगनंतर बहुतेकांचं ते होतंच. पडद्यापाशी एका टेबलावर माझा मोठा मुलगा बसला होता. जो पिणार त्याची गाडीची किल्ली त्याच्याकडे, चिठ्ठी लावून. एकतीस किल्ल्या जमल्या. दोघं-तिघं कुरकुरले. पायात रॉड असलेला माझा तो भाचा लंगडत आला आणि मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. मग कोणी कुरकुरलं नाही.

तक्रारीही आहेत, आणि त्या मी त्याला तोंडावर सांगितल्यात.

काउंटर साडेसातला सुरू व्हायचा होता, सुरू झाला आठला पाच कमी असताना. एक मुलगा बर्फ घेऊन उशिरा आला. वीस-पंचवीस मिनिटं पंधरा-वीस माणसं ताटकळत उभी, आणि त्यात व्याह्यांचे साहेबही. मला फार लागलं ते.

ग्लास. पहिल्या दोन क्रेटमधल्या ग्लासांना भांड्याच्या साबणाचा वास येत होता. वाइनच्या ग्लासात तो लगेच कळतो. सांगितल्यावर त्यांनी परत धुतले. पण हे आमच्या सांगण्यावर का यावं? अकरा ग्लास फुटले, त्याचे त्याने पैसे लावले नाहीत, हेही लिहायला हवं.

त्याच्या तीन मुलांपैकी एक नऊनंतर ओळखीच्यांना मेजर न लावता ओतायला लागला. मी बघितलं. मालकाला खुणेने सांगितलं, त्याने त्या मुलाला ग्लास धुवायला पाठवलं आणि स्वतः काउंटरवर उभा राहिला. चूक झाली, पण मिनिटात सुधारली.

सगळ्यांत मोठी तक्रार न पिणाऱ्यांच्या काउंटरबद्दल. 420 मधले 300 लोक पीत नाहीत, आणि त्यांच्या वाट्याला काय? निळं सरबत, लाल सरबत, तेही कागदी कपात. चव साखरेची आणि रंगाची. पिणाऱ्याला काचेचा ग्लास, लिंबाची चकती, अदबीने विचारपूस. आणि माझ्या वहिनीला, नवरीच्या आईला, कागदी कप. हे बरोबर नाही. मी आदल्या दिवशी कोकम आणून दिलं होतं, ते त्यांनी बाहेर काढलंच नाही, मी जाऊन काढायला लावलं. मग कोकम सोडा सुरू झाला आणि बायकांची तिथे रांग लागली. जो माणूस व्हिस्कीचा थेंब मोजतो त्याने इतकी काळजी सरबताचीही घ्यायला हवी. याचे गुण मी कापते.

आता हिशेब. रात्रीच्या मोजणीप्रमाणे संपलं ते: व्हिस्की 15, रम 5, व्होडका 2, वाइन 19, बिअर 41. पेग-ग्लास धरले तर 452 होतात, आणि त्याचा अंदाज होता 480. परत गेलं ते: व्हिस्की 5, व्होडका 2, वाइन 11, बिअर 55. दुकानाचं मूळ बिल 1,07,020 होतं. सोमवारी बाटल्या परत केल्या, एकही लेबल सुटलेलं नव्हतं, आणि 37,300 परत आले. दारू पडली 69,720 ला.

सेवेचे 30,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 35,400. यात माणसं, काउंटर, ग्लास सगळं आलं. बर्फ, सोडा, पाणी, कोल्ड्रिंक, लिंबं, चखणा यांचे 14,600. बर्फ पिणाऱ्या माणसामागे एक किलो, असा 120 किलो घेतला. गाड्या 9,000. एकूण 1,28,720, आणि प्रत्येक घराचे 64,360. मी बिलांच्या झेरॉक्स काढून व्याह्यांना दिल्या. त्यांनी न बघताच पैसे पाठवले, पण मी त्यांना एकदा वाचायला लावल्या.

एक नीट समजून घ्या. पिणाऱ्या माणसामागे आमचा खर्च 1,070 च्या आसपास आला, म्हणजे पॅकेजच्या 950 पेक्षा जास्त. तरी एकूण रक्कम निम्म्याहून कमी, कारण आम्ही 120 माणसांचे पैसे दिले, 300 चे नाही. आणि हे सगळीकडे लागू नाही. याचे 35,400 ठरलेले आहेत, पिणारे चाळीस असोत की दीडशे. चाळीसच असतील तर माणशी नऊशेच्या आसपास नुसती सेवाच होते. तेव्हा असा बार लावू नका, एखाद्या परमिट रूममध्ये मित्रांना वेगळं जेवण द्या. तिथे दारूच्या बिलावर 10 टक्के व्हॅट लागतो तो धरा, तरी ते स्वस्त पडेल. उलट तुमच्याकडे आलेल्यांतले बहुतेक पिणारे असतील तर पॅकेजही परवडू शकतं, फक्त बाटल्या मोजून घ्यायची अट लिहून घ्या.

आमच्या चुका दोन. बिअर दुप्पट घेतली, कारण डोक्यात मे महिन्यातलं लग्न होतं. थंडीत चार पेट्या पुरल्या असत्या आणि रम आठ बाटल्या हवी होती. वाइनचा माझा हट्टही खरा ठरला नाही, वीसच पुरल्या असत्या, बारवाला बरोबर होता. पण लाल वाइन दहातली सात गेली. आणि एका मुलाने मला येऊन विचारलं, "आत्या, ही दिंडोरीची आहे? विमानतळावर मिळेल का?" ते मला पुरलं.

पाचपैकी चार देते. एक कापला तो कागदी कपांचा.

फेब्रुवारीत माझ्या धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न आहे आणि बार हाच लावणार आहे. त्याला फोन केला तेव्हा दोन अटी घातल्या: काउंटर सातला तयार हवा, आणि न पिणाऱ्यांना काचेचे ग्लास, त्यात कोकम, आवळा आणि ताजं लिंबू. तो म्हणाला, "मावशी, लिहून देतो." दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कागद आला. खाली सही, आणि सहीच्या खाली हाताने लिहिलेली एक ओळ: बरणी आणतो.